ओसाका: प्रदर्शन उठून गेल्यावर जमिनीचं काय झालं?

मेधा_सुइता (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

१३ ऑक्टोबर २०२५ ला ओसाकाचं एक्स्पो, म्हणजे जागतिक प्रदर्शन, संपलं आणि तेव्हापासून इथल्या आपल्या मराठी ग्रुपवर कोणत्या देशाचं पॅव्हेलियन भारी होतं, कुठे किती रांग होती, पॅव्हेलियनांभोवती उभारलेली ती लाकडी रिंग पाडायला नको होती वगैरे चर्चा चालूच आहे. मी सुइताला राहते, १९७० च्या एक्स्पोच्या जागेपासून सायकलने जाता येईल इतकं जवळ, आणि मला राहून राहून वाटतं की सहा महिन्यांच्या जत्रेबद्दल आपण एवढं बोलतो पण जत्रा उठल्यावर त्या जमिनीचं शहराने काय केलं हे कुणी बघतच नाही. ओसाकाच्या बाबतीत ते बघायलाच हवं कारण या शहराने हे एकदा नाही, बऱ्याचदा केलंय, आणि दर वेळी वेगळं काहीतरी झालंय.

सुरुवात १९०३ पासून करते. तेव्हाचं प्रदर्शन नावाने राष्ट्रीय होतं, पाचवं राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन, पण परदेशी मालही मांडलेला होता आणि रात्री सगळ्या इमारतींवर विजेचे दिवे लावायचे, लोकांनी एवढा उजेड आयुष्यात पाहिला नव्हता. जागा तेन्नोजी. पाच महिने चाललं. संपल्यावर जमिनीचे दोन भाग झाले, एकात तेन्नोजी पार्क आलं आणि दुसऱ्यात १९१२ मध्ये शिन्सेकाई नावाची नवी वस्ती उभी राहिली, तिचा उत्तरेचा भाग पॅरिससारखा आणि दक्षिणेचा न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडसारखा करायचा असं ठरवून. मधोमध त्सूतेनकाकू टॉवर, वरून आयफेल टॉवर आणि खालून पॅरिसची विजयकमान असा. तो पहिला टॉवर १९४३ मध्ये खालच्या थिएटरला लागलेल्या आगीत खराब झाला, युद्ध चालू असल्यामुळे लोखंड काढून घेतलं, आणि आता दिसतो तो १९५६ चा. तुम्ही ओसाकाला येऊन शिन्सेकाईत कुशिकात्सु (काडीला टोचून तळलेले तुकडे) खाल्ली असेल तर एका प्रदर्शनाच्या मैदानावर बसून खाल्लीये हे लक्षात ठेवा.

मग १९७०. हे आशियातलं पहिलं जागतिक प्रदर्शन. खरं तर जपानला १९४० मध्येच टोकियोत करायचं होतं, तिकिटंसुद्धा विकली होती, पण चीनशी युद्ध पेटलं आणि पुढे ढकलता ढकलता ते राहूनच गेलं. ती १९४० ची तिकिटं ज्यांनी तीस वर्षं जपून ठेवली होती त्यांना १९७० ला ओसाकात त्याच्यावर आत सोडलं! मला ही गोष्ट फार आवडते. शब्द दिला होता तो पाळला.

जागा होती सेनरीच्या टेकड्यांवर, बांबूची बनं आणि शेतं, सुमारे ३३० हेक्टर. १५ मार्च ते १३ सप्टेंबर. ७७ देश आणि ६ कोटी ४२ लाख लोक, म्हणजे तेव्हाच्या जपानची लोकसंख्या दहा कोटींच्या थोडी वर होती ते बघता केवढा आकडा आहे विचार करा. ५ सप्टेंबरला एकाच दिवशी ८ लाख ३५ हजार लोक आले, रात्री परत जायला गाड्या पुरल्या नाहीत आणि हजारो लोक आतच झोपले. मोठ्यांचं तिकीट ८०० येन.

आता मुख्य गोष्ट, सूर्याचा मनोरा. आराखडा तांगे केन्झो यांच्याकडे होता, तोच वास्तुकार ज्याने हिरोशिमाचं शांती स्मारक केलं. त्याने मधल्या उत्सव चौकावर लोखंडी सांगाड्याचं प्रचंड छत टाकायचं ठरवलं, जमिनीपासून तीस मीटर उंच आणि जवळजवळ तीनशे मीटर लांब, भविष्यातलं शहर असं दिसेल म्हणून. आणि मध्यवर्ती प्रदर्शनाची जबाबदारी दिली ओकामोतो तारो या चित्रकाराला. त्याने त्या सपाट छताचं मॉडेल बघितलं आणि त्याला ते फोडून वर यावंसं वाटलं, म्हणून त्याने सत्तर मीटरचा एक मनोरा केला आणि छताला भोक पाडून तो बाहेर काढला. दोन पसरलेले हात, वर सोनेरी चेहरा भविष्याचा, पोटावर वर्तमानाचा, पाठीवर काळा सूर्य भूतकाळाचा. आणि चौथा चेहरा जमिनीखाली होता, पाताळातला सूर्य, तो प्रदर्शन संपल्यावर कुठे गेला ते अजून सापडलेलं नाही.

प्रदर्शनाची घोषणा होती मानवजातीची प्रगती आणि सुसंवाद. ओकामोतोला ही प्रगतीची भाषा पटत नव्हती. तरुणपणी पॅरिसला तो मार्सेल मॉसकडे मानववंशशास्त्र शिकला होता. त्याने मनोऱ्याच्या खाली जगभरातून गोळा केलेले मुखवटे आणि देवतांच्या मूर्ती मांडल्या, आणि मनोऱ्याच्या आत ४१ मीटर उंच जीवनवृक्ष उभा केला, खाली अमीबा आणि वर चढत चढत माणूस. बाहेर सगळीकडे रोबो, फिरते जिने, बिनतारी फोन, सान्यो कंपनीचं माणूस धुवायचं मशीन, आणि मध्यभागी हा आदिम देव. एखाद्या शहराने भविष्याच्या जत्रेत असं काहीतरी उभं राहू दिलं याबद्दल मला ओसाकाबद्दल मनापासून आदर वाटतो.

आणि पुढे काय झालं बघा. भविष्यातलं शहर म्हणून केलेलं ते छत सत्तरच्या दशकाच्या शेवटी उतरवून टाकलं. मनोराही पाडायचाच होता, पण लोकांनी पाडू नका म्हणून अर्ज केले आणि १९७५ मध्ये कायम ठेवायचं ठरलं. ते मुखवटे आणि मूर्ती गोळा करायला जी तरुण अभ्यासक मंडळी जगभर पाठवली होती, त्यांनी आणलेल्या वस्तू त्याच मैदानावर १९७७ मध्ये उघडलेल्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात आल्या, उमेसाओ तादाओ त्याचे पहिले संचालक. बाकी पॅव्हेलियनं पाडून तिथे झाडं लावली. आज तिथे दाट जंगल आहे, खरोखरचं, माझ्या मुलांना सांगितलं की इथे सोव्हिएत पॅव्हेलियन होतं तर त्यांना खरं वाटत नाही. आणि जत्रेतून जो नफा झाला त्याचा निधी करून ठेवला.

१९९० च्या फुलांच्या प्रदर्शनाबद्दल थोडक्यात, त्सुरुमीच्या बागेत झालं, दोन कोटींवर लोक आले, बाग अजून आहे आणि तिथपर्यंत नेलेली मेट्रोही आहे, जपानमधली पहिली लिनियर मोटरची.

आणि आता २०२५. जागा युमेशिमा, समुद्रात भर घालून केलेलं बेट, जाळलेल्या कचऱ्याची राख आणि गाळ टाकून. इथे २००८ च्या ऑलिम्पिकचं खेळाडूंचं गाव होणार होतं पण बीजिंग जिंकलं आणि ओसाकाला पहिल्याच फेरीत सहा मतं पडली. बेट तसंच पडून राहिलं. मग एक्स्पो आलं. आणि एक्स्पोच्या जागेला लागूनच कॅसिनो येतोय, २०३० च्या सुमाराला.

माझं म्हणणं एवढंच की १९७० च्या ओसाकाने त्या जमिनीवर जंगल आणि संग्रहालय ठेवलं आणि आत्ताच्या ओसाकाच्या डोक्यात काय आहे ते मला अजून कळत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

---

सह्यकडा

मेधाताई, अप्रतिम लिहिलंय. १९४० च्या तिकिटांचं माहीत नव्हतं. एक प्रश्न, ऑलिम्पिक टोकियोला आणि एक्स्पो ओसाकाला अशी वाटणी ठरवून झाली होती का? आपल्याकडे मुंबईला मिळालं की नागपूर नाहीतर पुण्याला काहीतरी द्यायचं तसं.

---

मेधा_सुइता

@सह्यकडा, अधिकृत वाटणी अशी नाही म्हणता येणार पण १९६४ ला टोकियोचं ऑलिम्पिक झाल्यावर कान्साई भागाने, म्हणजे ओसाका आणि आसपासच्या प्रदेशाने, जोर लावला आणि १९६५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शन संस्थेने ओसाकाला मान्यता दिली. ओसाका हे व्यापाऱ्यांचं शहर, राजधानीच्या मागे राहायचं नाही ही इथली जुनी जिद्द आहे. ती अजूनही जाणवते, टोकियोला असं करतात म्हटलं की इथला माणूस लगेच आम्ही असं करतो म्हणून सांगणारच.

---

बोटीवरचा_जोशी

मी १९७० मध्ये एका मालवाहू बोटीवर ज्युनियर इंजिनियर होतो, कोबेला बोट लागली होती आणि आम्ही तिघे जण सुट्टी घेऊन ट्रेनने एक्स्पोला गेलो. अमेरिकेच्या पॅव्हेलियनमध्ये चंद्रावरचा दगड ठेवला होता, अपोलो १२ ने आणलेला, त्या रांगेचं शेपूट कुठे आहे हेच दिसेना. आमच्याकडे एकच दिवस होता. मग सोव्हिएत पॅव्हेलियनला गेलो, लाल पांढरं, शंभर मीटरच्या वर उंच निमुळतं होत गेलेलं, आत लेनिनच्या जन्मशताब्दीचं खूप काही आणि अंतराळयानं. तिथेही रांग होतीच पण भराभर आत घेत होते.

पण मेधाताई मला सगळ्यात जास्त आठवतात ती माणसं. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या बायका, सगळ्या एका रंगाच्या टोप्या घालून एका झेंड्याच्या मागे चाललेल्या, परदेशी माणूस दिसला की वही पुढे करून सही मागायच्या. आमच्या सह्या घेतल्या त्यांनी! मी देवनागरीत केली. युद्ध संपून पंचवीस वर्षं झाली होती त्यांना, हे तेव्हा माझ्या वयात लक्षात आलं नाही, आता येतं. त्यांनी बॉम्ब बघितले होते आणि आता त्यांच्या दारात सगळं जग आलं होतं. तुम्ही जंगल आणि संग्रहालय म्हणता ते बरोबरच आहे, पण त्या माणसांना जे मिळालं तेही मागे राहिलेलंच की.

---

मेधा_सुइता

जोशीकाका, काय सुंदर आठवण सांगितलीत. इथल्या म्हाताऱ्या शेजारणी अजूनही एक्स्पो म्हटलं की २०२५ नाही, १९७० च समजतात. आणि तुमचं म्हणणं मला पटतं, जमिनीबरोबर तेही धरायला हवं.

---

अश्विनी_कोथरूड

धागा आवडला पण १९०३ वर तुम्ही दिवे आणि त्सूतेनकाकू सांगून पुढे गेलात, त्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी असं मला वाटतं. त्या प्रदर्शनाच्या मुख्य दाराबाहेर मानव पॅव्हेलियन नावाचं एक खाजगी दालन होतं आणि त्यात जिवंत माणसं मांडली होती. आइनू (उत्तर जपानचे मूळ रहिवासी), तैवानचे मूळ रहिवासी, ओकिनावाचे लोक, कोरियन, जावाचे, आणि हो, आपले हिंदी लोकसुद्धा. पॅरिसला १८८९ मध्ये वसाहतींमधल्या माणसांची गावं उभी केली होती त्याचीच नक्कल. चिनी लोकही ठेवणार होते पण जपानमध्ये शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांनी गदारोळ केला म्हणून उघडायच्या आधीच ते रद्द झालं. ओकिनावातून निषेध झाल्यावर तिथल्या बायकांना परत पाठवलं. पण त्या निषेधात आम्हाला आइनू आणि तैवानींच्या रांगेत का बसवता असा सूर होता, त्यांना का बसवता असं कुणी म्हटलं नाही, आणि हे मला जास्त टोचतं. हिंदी माणसांसाठी तर निषेध करायला कुणीच नव्हतं, ती कोण होती, परत कशी गेली, काही कळत नाही.

मला वाटतं ओकामोतोने १९७० ला जगभरचे मुखवटे मनोऱ्याच्या पायाशी ठेवले आणि मध्यभागी ठेवले, याच्याकडे १९०३ समोर ठेवून बघायला हवं. त्याच शहरात सदुसष्ट वर्षांपूर्वी त्याच लोकांना दाराबाहेर मांडून बसवलं होतं.

---

मेधा_सुइता

अश्विनी, हे लिहिलंस ते फार बरं झालं, धन्यवाद. संग्रहालयात आइनू लोकांचं दालन आहे आणि त्यात आइनू कारागिरांनी स्वतः केलेलं काम आहे. तिथे गेले की मला १९०३ आठवतं. प्रदर्शन म्हणजे कुणीतरी बघणार आणि कुणीतरी बघितलं जाणार, ही त्यातली अडचण आहेच आणि ती पूर्ण सुटलीये असं मी म्हणणार नाही.

---

मी_सांगलीकर

सिव्हिल इंजिनियर आहे त्यामुळे माझं लक्ष वेगळीकडे जातं. एक्स्पो म्हणजे शहराला दहा पंधरा वर्षांची कामं दोन तीन वर्षात उरकायला मिळालेली तारीख, कारण उद्घाटनाचा दिवस हलवता येत नाही आणि सरकारला पैसे द्यावेच लागतात. ओसाकाने मार्च १९६९ मध्ये ट्राम पूर्ण बंद केल्या, भुयारी रेल्वे झपाट्याने वाढवली, मिदोसुजी लाइन उत्तरेला जोडून थेट एक्स्पोच्या दारापर्यंत नेली, आणि मिदोसुजी हा शहरातला मुख्य रस्ता जानेवारी १९७० मध्ये एकेरी केला तो आजतागायत एकेरी आहे. उद्घाटनाच्या दिवशी त्सुरुगाच्या नव्या अणुभट्टीची वीज मैदानात आली होती आणि तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं होतं, २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर ते वाचताना कसंतरीच होतं.

पण या घाईची एक किंमत आहे आणि ती या धाग्यात यायला पाहिजे. ८ एप्रिल १९७० ला, एक्स्पो सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, शहरात तेनरोकु इथे भुयारी रेल्वेच्या खोदकामात गॅसची पाइप निखळली. संध्याकाळची वेळ, कामावरून घरी जाणारी माणसं, खोदकामावर टाकलेल्या काँक्रीटच्या फरश्यांवरून रस्ता चालू होता, काय झालं म्हणून बघायला लोक जमले आणि स्फोट झाला. फरश्या माणसांसकट वर उडाल्या. ७९ जण गेले आणि चारशेवर जखमी झाले. तिकडे सेनरीला जत्रा चालूच राहिली. त्यानंतर जपानमध्ये खोदकामातल्या गॅस पाइपा कशा टांगायच्या, कशा सांभाळायच्या याचे नियम कडक झाले. आपल्याकडे मेट्रोची कामं चालू असताना मी साइटवर मुलांना ही घटना सांगतो, कारण खोदकामात उघडी पडलेली प्रत्येक पाइप ही कुणाचीतरी जबाबदारी असली पाहिजे, नावासकट लिहिलेली.

---

तुषार_टोकियो

सगळं वाचलं, मस्त चर्चा. पण २०२५ बद्दल मी थोडा वाद घालतो. १९७० च्या वेळी सगळे खूश होते असं चित्र उभं राहतंय ते तसं नव्हतं. १९६९ च्या ऑगस्टमध्ये ओसाकाच्या किल्ल्याच्या बागेत एक्स्पोविरोधी मेळावा झाला होता, तरुणांचं म्हणणं असं की अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराचं १९७० मध्ये नूतनीकरण आहे त्यावरून लोकांचं लक्ष उडवायला ही जत्रा आहे. आणि एप्रिलच्या शेवटी एक माणूस लाल हेल्मेट घालून सूर्याच्या मनोऱ्यावर चढला आणि सोनेरी चेहऱ्याच्या डोळ्यात जवळजवळ आठवडाभर बसून राहिला! ओकामोतो स्वतः खाली येऊन ते बघून खूश झाला होता म्हणे. तर विरोध तेव्हाही होता, पन्नास वर्षांनी तो विसरला गेला.

२०२५ ला खर्च फुगला, बांधकामाचा अंदाज १२५ अब्ज येनवरून २३५ अब्जावर गेला, २०२४ च्या मार्चमध्ये साइटवर मिथेनचा स्फोट झाला, तिकीट साडेसात हजार येन, लोक म्हणत होते कुणी येणार नाही. तरी अडीच कोटींवर लोक आले. १३ ऑगस्टच्या रात्री मेट्रो बंद पडली आणि हजारो लोक बेटावर अडकले, तेव्हा काही पॅव्हेलियनवाल्यांनी दारं उघडून लोकांना आत बसू दिलं, कुणी वाजवायला आणि नाचायला लागलं. मला ते बघून वाटलं की हे एक्स्पो लोकांनी आपलं केलंय.

आणि रिंग. दोन किलोमीटर परीघ, फुजिमोतो सोऊ यांचं डिझाइन, जगातली सगळ्यात मोठी लाकडी वास्तू म्हणून गिनेसमध्ये. क्योटोच्या कियोमिझू देवळाचे खांब जसे आडव्या तुळया आरपार घालून जोडलेत तीच जुनी पद्धत, भूकंपासाठी त्यात धातूचा आधार दिलेला. मी तिच्यावरून संध्याकाळी चाललोय, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सगळे देश. ती ठेवायलाच हवी होती.

---

मेधा_सुइता

@तुषार, विरोधाबद्दल पूर्ण सहमत, आणि १३ ऑगस्टच्या रात्रीबद्दलही. पण काही परदेशी पॅव्हेलियन बांधणाऱ्या छोट्या ठेकेदारांना पैसे मिळाले नाहीत, त्यांच्या आंदोलनाच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या, हेही हिशोबात धर. जत्रा यशस्वी झाली आणि ती माणसं अजून थकबाकी मागत फिरतायत.

रिंगबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं. ईशान्येकडचा सुमारे दोनशे मीटरचा तुकडा ठेवायचं ठरलंय, आजूबाजूला बाग करून. बाकीचं लाकूड जमेल तेवढं पुन्हा वापरायचं, त्यातलं काही नोटो द्वीपकल्पात सुझु गावाला, २०२४ च्या १ जानेवारीच्या भूकंपात ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी बांधायच्या घरांना. हे वाचल्यावर मला वाटलं की लाकूड पूर्ण रिंग म्हणून समुद्राच्या वाऱ्यात उभं ठेवण्यापेक्षा तिथे गेलेलं बरं. उघड्यावरच्या लाकडाला दर काही वर्षांनी दुरुस्ती लागते आणि तो खर्च कुणी करायचा यावर इथे वर्षभर भांडणं झाली.

माझा राग रिंग पाडण्यावर नाहीच आहे. १९७० ला सुद्धा तांगेचं छत पाडलंच. राग याच्यावर आहे की तेव्हा त्या जागेवर सगळ्या जपानसाठी काय असावं हा विचार झाला आणि त्यातून संग्रहालय निघालं. आत्ता शेजारच्या जागेचा विचार कॅसिनोपासून सुरू झाला आणि मेट्रो बेटावर नेण्याच्या खर्चाचं समर्थन करताना दोन्ही नावं एकत्रच घेतली जायची. ओसाका व्यापाऱ्यांचं शहर आहे हे मान्य, पण याच व्यापाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने पूल बांधले, शाळा काढल्या, ती परंपरा आहे ना इथे.

---

अश्विनी_कोथरूड

मेधाताई, हा प्रतिसाद कुठेतरी जपानीत पण लिहा, खरंच. तिथल्या लोकांनी वाचायला हवा.

---

बोटीवरचा_जोशी

एक राहिलं. माझ्या आठवणीप्रमाणे एक टाइम कॅप्सूल पण होतं, त्याचं काय केलं?

---

मेधा_सुइता

हो काका, मात्सुशिता कंपनी आणि माइनिची वर्तमानपत्राने केलेलं. ओसाकाच्या किल्ल्यासमोर दोन एकाखाली एक पुरलीयेत, प्रत्येकात २,०९८ वस्तू, बिया, कपडे, रेकॉर्डी, रोजच्या वापरातलं सामान. खालचं पाच हजार वर्षांनी म्हणजे ६९७० साली उघडायचं. वरचं २००० साली एकदा उघडून तपासलं आणि आता दर शंभर वर्षांनी उघडायचं ठरलंय. किल्ला बघायला जाणारे त्याच्या शेजारून जातात, गोल स्टीलचं झाकण आहे, थांबून बघा.

---

गोंयकार_मडगांव

मेधाताई, आम्ही पुढच्या एप्रिलात येतोय, आई पण आहे बरोबर, गुडघ्यांचा त्रास आहे तिला. मनोऱ्याच्या आत जाता येतं का? आणि कोयासानला बाबासाहेबांचा पुतळा आहे तोही बघायचाय, एका दिवसात दोन्ही होईल का?

---

मेधा_सुइता

@गोंयकार, एका दिवसात दोन्ही नका करू, दिशा अगदी उलट आहेत. कोयासान दक्षिणेला, नांबाहून नानकाई ट्रेन आणि मग केबल कार आणि बस, त्याला पूर्ण दिवस ठेवा. पुतळा कोयासान विद्यापीठाच्या आवारात आहे, २०१५ मध्ये बसवलेला.

मनोरा २०१८ पासून आतून बघता येतो, भूकंपासाठी मजबुतीकरण केल्यावर उघडलाय, पण आधी ऑनलाइन बुकिंग करा, सुट्टीच्या दिवसांचं लवकर भरतं. आत जीवनवृक्षाभोवती जिने चढत जावं लागतं, आईंसाठी लिफ्टची सोय बुकिंग करतानाच विचारून घ्या. मोनोरेलने बांपाकु किनेन कोएन स्टेशनला उतरा, बाहेर आलात की समोरच दिसतो. पार्क बहुतेक बुधवारी बंद असतं ते बघून ठरवा, पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आलात तर चेरी फुललेली असते. संग्रहालयाला अर्धा दिवस तरी द्या, दक्षिण आशियाचं दालन आहे, आईंना आवडेल. आणि येण्याआधी मला इथेच मेसेज टाका, मी येते बरोबर.

---

मी_सांगलीकर

तेनरोकुला पण जाऊन या. बागेत पीडितांचं स्मारक आहे, नावं कोरलेली आहेत.